मुठीचा तांदूळ

आईची मूठ लहान होती. भाताला तांदूळ काढले की ती ते पातेल्यात ओतायची, क्षणभर थांबायची, आणि त्यातली एक मूठ उचलून फळीवरच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मग मूठ लहान भरली असं वाटून पुन्हा हात घालायची आणि चिमूटभर आणखी टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळातली प्रत्येक बाई असा आपला डबा पिशवीतून उपासनेला आणायची. (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो.) वेदीपुढं तेलाचा पंधरा किलोचा डबा स्वच्छ धुऊन ठेवलेला असायचा. पेटीवर गीत सुरू झालं की बाया एकेक करून पुढं जायच्या आणि आपापले तांदूळ त्यात ओतायच्या. पत्र्यावर दाणे पडल्याचा आवाज गाण्याच्या वर ऐकू यायचा; पहिल्या दोघीतिघींचा मोठा, मग डबा भरत जाईल तसा मऊ. याला मुठीचा तांदूळ म्हणत. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्याच्यासाठी तो असे.

या तांदळाला एक खोड होती. कुणाच्या घरी बारीक, कुणाच्या घरी जाडा, कुणाचा रेशनचा, कुणाचा जुना, कुणाचा यंदाचा. सगळा एका डब्यात. तो कधीच एकसारखा शिजत नसे. बारीक दाणा विरघळून चिकट व्हायचा आणि जाडा तसाच दाताखाली यायचा. आमच्या घरचा तांदूळ याच्या अगदी उलट. माझा मामा गगनबावड्याकडे शेती करायचा. सुगी झाली की एस.टी.च्या टपावरून त्याचं एक पोतं यायचं. जाडसर, किंचित लाल, दिसायला साधा, पण दाणा न् दाणा एका वेळी शिजणारा. त्याची पेज नुसत्या मिठाबरोबरही गोड लागे. पत्र्याच्या कोठीत तो भरला की घरात महिनाभर भाताच्या खाचरासारखा वास राहायचा.

मोठा डबा आमच्या स्वयंपाकघरात राहायचा, कारण देवळाच्या खोलीत उंदीर फार. शिवाय तो वाटायचं काम आईकडे होतं. जुन्या पाळकसाहेबांनी तिला नेमताना एकच नियम घातला होता: तांदूळ कुणाच्या घरी जातो ते कुणाला सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. घेणाऱ्याला रविवारी मान वर करून बसता आलं पाहिजे, असं ते म्हणायचे. पुढं त्यांची बदली झाली, नवे पाळक आले. डबा आणि नियम दोन्ही आमच्या घरी राहिले.

पप्पा उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न करायचे. कारखान्यात लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो त्यांच्या हातचा असे. त्यांच्या शर्टाला सागाच्या भुशाचा वास यायचा आणि जेवताना ते पोळीसुद्धा मापात मोडायचे. मी दहावीत होते त्या वर्षी कारखान्याचं काम कमी झालं. आठवड्यातले तीनच दिवस त्यांना बोलावणं यायचं. उरलेले दिवस ते दारात बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुर्च्यांचे पाय नीट करायचे. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. आमटी पातळ झाली, खर्डा वाढला, रविवारचं मटण महिन्यातून एकदा आलं, आणि आईची मूठ तेवढी तशीच राहिली.

गल्लीत आमचं एकच घर ख्रिस्ती. लोक वाईट नव्हते, पण आमच्या घरात काही आलं की त्यांना ते कुठून आलं हे जाणून घ्यायचं असे. समोरच्या शिंदेकाकू मोठा डबा घरात येताना बघून एकदा आईला म्हणाल्या होत्या, "तुमचं बरं हाय बाई. वरनं परदेशातनं येतंय, खाली तुमी वाटताय. आमाला कोण देतंय?" आई हसून म्हणाली, "काकू, त्यात माझीबी मूठ हाय की." काकूंनी मान हलवली, पण डोळ्यांतलं काही हललं नाही. मला त्यांचा राग आला होता. आज विचार करते तर वाटतं, राग कशाला आला? मीही त्यांच्यासारखीच होते. मला माणसांपेक्षा पुस्तकं बरी वाटायची, कारण पुस्तकात माणूस असं का वागला ते पुढच्या पानावर कळतं. घरात तसं पुढचं पान नसतं. ते मी माझ्या मनानं लिहायची, आणि माझ्या मनाला चांगलं लिहिता येत नसे.

त्या पावसाळ्यात एका दुपारी ताटातल्या भातात मला कच्चा दाणा लागला. मग दुसरा. मी भात बोटांनी पसरून पाहिला. त्यात पांढरे बारीक दाणे होते, तुकडा होता, लांब दाणे होते. मामाचा लाल तांदूळ एकही नव्हता. पप्पा समोर बसून मुकाट्यानं जेवत होते. आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती.  ती बाहेर गेल्यावर मोठ्या डब्याचं झाकण काढलं आणि आतल्या बाजूला, तांदळाच्या पातळीवर, पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली. आठ दिवसांनी पाहिलं तर तांदूळ रेघेच्या चार बोटं खाली. तो वाटपाचा असेल असं स्वतःला समजावलं. पण त्या आठ दिवसांत पाच वेळा आमच्या ताटात मिसळीचा भात आला होता, आणि मी तो मोजत होते.

मग मी कोठी उघडली. मामाचा तांदूळ आम्ही खात नव्हतो, तरी तोही कमी होत होता. शहाण्या मुलीनं इथं थांबून विचार केला असता. मी थांबले नाही. मला वाटलं, आई मामाचा चांगला तांदूळ कुठंतरी विकतेय आणि आम्हाला देवळाचा घालतेय. कशासाठी, तेही मीच ठरवलं: माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी. म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढून ही मला शिकवणार. त्या विचारानं मी ताटातला भात नुसता चिवडत बसायची.  आईनं एकदा विचारलंही, "पोटात दुखतंय का गं?" मी नाही म्हटलं आणि ताट घासायला ठेवलं.

श्रावणात मार्थाबाई आमच्याकडे आल्या. त्या शाळेत शिक्षिका, देवळातल्या महिला मंडळाच्या चिटणीस, उंच, कडक इस्त्रीच्या, प्रार्थनाही फळ्यावर लिहिल्यासारखी सुवाच्य म्हणणाऱ्या. मंडळाच्या कार्यक्रमाचं बोलता बोलता जेवायची वेळ झाली आणि आईनं आग्रह केला. वांग्याची भाजी होती, भाकरी होती, शेवटी भात. मार्थाबाईंनी पहिला घास घेतला, चावायच्या थांबल्या, आणि ताटाकडे नीट पाहिलं.

"सुलभा, तांदूळ कुठला गं?"

"घरचाच," आई म्हणाली.

"गावाकडचा? तुमचा लाल असतो न्हवं?"

"घरचाच हाय, बाई. घ्या की आमटी."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. माझ्या आईला खोटं बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तांब्या खाली ठेवला तेव्हा तो सांडला, आणि आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मार्थाबाईंनी मला चिंचेखाली गाठलं. खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा. "सुनीता, तू खोटं बोलणारी पोर न्हाईस. तुमच्या घरात सध्या कुठला तांदूळ शिजतोय?"

मी इकडं तिकडं पाहिलं. आई पायऱ्यांवर कुणाच्या तरी बाळाला टोपडं बांधत होती. मी म्हणाले, "मुठीचा."

तेवढाच शब्द. खरा होता. खरं बोलल्याचं समाधान मला दोन-तीन मिनिटं झालंही.

बुधवारी आईला देवळाच्या कचेरीत बोलावलं. मी तिच्याबरोबर गेले; बाहेर बाकावर बसले. खिडकी उघडी होती. आत नवे पाळकसाहेब, दोन पंच आणि मार्थाबाई. पाळकसाहेब तरुण होते, भल्या स्वभावाचे, आणि त्यांना हे सगळं लवकर संपायला हवं होतं.

"सुलभाबाई, काही गैरसमज असेल तर सांगा. डब्यातला तांदूळ तुमच्या घरी शिजला का?"

"शिजला."

"एकदाच?"

"न्हाई. पुष्कळ दिस."

"अडचण होती का घरी? तसं असेल तर मंडळी तुम्हालाच—"

"आमाला नको, साहेब. आमचं भागतंय."

"मग का?" हा मार्थाबाईंचा आवाज. "आणि वाटला कुणाकुणाला, ते तरी सांग. चार नावं सांग, आम्ही गप्प बसतो."

"नाव सांगायचं न्हाई असं ठरल्यालं हाय."

"कुणी ठरवलं? ते पाळक गेले बदलून!"

आईची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रोजच्यासारखा होता. फक्त वहाण पायात घालताना डावी उजवी चुकली. त्याच संध्याकाळी देवळाचा शिपाई आला आणि डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन गेला. गल्लीनं ते बघितलं. शिंदेकाकू दारातून म्हणाल्या, "का हो, परत मागून घेतला काय?" आई म्हणाली, "व्हय." आणि आत येऊन मला म्हणाली, "तू खरं बोललीस ते बरं केलंस." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तिनं मूठ काढायचं सोडलं नाही. पहिल्या रविवारी आपला बिस्किटांचा डबा घेऊन ती रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईनं पदर जवळ ओढून घेतला. आईनं तांदूळ ओतले, डब्याच्या बुडाला थाप मारून शेवटचा दाणा पाडला, जागेवर आली. मी मान खाली घालून बसले होते, आणि मला खात्री होती की लोकांपुढं देखावा करायची ही तिची तऱ्हा आहे.

मोठा डबा गेल्यावर आमच्या ताटात पुन्हा मामाचा तांदूळ यायला हवा होता. आला नाही. दोन्ही वेळा भाकरी आणि क्वचित विकतचा तुकडा. त्या तुकड्यातूनही मूठ निघायचीच. कोठी मात्र उतरतच होती. तेव्हा मी ठरवलं की ती कुठल्या दुकानात विकते ते डोळ्यांनी पाहायचं. एका दुपारी आई कापडी पिशवी घेऊन निघाली, तशी मी मागं गेले. ती बाजाराकडे वळलीच नाही. मागच्या बोळानं, गटाराच्या कडेकडेनं, मणेरांच्या, म्हणजे बांगडीवाल्यांच्या, घरांकडे गेली आणि हसीनाबीच्या दारात थांबली.

हसीनाबीला आम्ही सगळे ओळखत होतो. सगळ्या पेठेला तिनं बांगड्या भरल्या होत्या. माझ्या आत्याच्या लग्नातही तीच होती. नवरा गेला, मग हात थरथरायला लागले. गिऱ्हाइकाच्या मनगटावर काच फुटून रक्त आलं तेव्हापासून तिला कुणी बोलवेना. दिराच्या घराच्या मागच्या खोलीत ती राहायची. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पिशवीतून तांदूळ ओतल्याचा आवाज आला.

"बस, बस. किती वतताय?" हसीनाबी म्हणाली. मग आवाज उतरवून, "ह्यो तुमच्या देवळाचा न्हाई न्हवं?"

"न्हाई गं. माझ्या भावाच्या शेतातला. लाल दाणा बघ की."

"खरं बोला. दीर कालच म्हणत हुता, आज देवळाचा तांदूळ घेतीस, उद्या देवळात जाशील. घरात ठिऊन घ्यायचा न्हाई मला."

"त्याला सांग, तांदूळ सुलभाच्या माहेरचा हाय. खोटं न्हाई त्यात."

पिशवी झटकल्याचा आवाज आला. मग हसीनाबी म्हणाली, "पर का देताय? तुमाला काय पायजे?"

"काय बी नको."

"कायतरी असंलच की! फुकट कोण देतंय?"

"मला देवानं फुकट दिलंय," आई म्हणाली. "मी काय त्याचं दुकान घालू व्हय?"

हसीनाबी हसली. खोकल्यासारखं, तुटक हसू. "तुमी बी येड्याच हाय बघा."

मी घरी पळत आले. आई येईपर्यंत मला सगळा हिशेब लागला. मोठ्या डब्यातला एक मापटं तांदूळ हसीनाबीच्या वाट्याचा होता, पण देवळाचा म्हणून ती तो घेऊ शकत नव्हती. तेव्हा आई डब्यातलं एक मापटं आमच्याकडे ओतून घ्यायची आणि कोठीतलं, माहेरचं, चांगलं मापटं शीग भरून तिला द्यायची. आमची कोठी एवढी मोठी नव्हती की दोन्ही घरांना पुरेल. म्हणून आम्ही मिसळीचा खाल्ला. डबा गेला, तरी ती देतच राहिली. मार्थाबाईंना ती "घरचाच" म्हणाली, तेही एका अर्थानं खरंच होतं. त्याची किंमत चुकती करूनच तो घरात आला होता.

आई आली तशी मी रडत म्हणाले, "मी बघितलं. मी आत्ताच पाळकसाहेबांकडे जाते, सगळं सांगते."

तिला इतकं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "माझ्या मागं आलीस?" ती म्हणाली. "जाऊन काय सांगशील? हसीनाबीचं नाव? उद्या गल्लीत फिरंल, परवा तिच्या दिराच्या कानावर जाईल. म्हातारी रस्त्यावर यायची."

"पण तुला सगळे चोर म्हणतात!"

"म्हणू देत. मी न्हाई घाबरत. तू मला सांग, तुला माझं नाव धुवायचंय का तुझं मन?"

 ती मग शांत झाली, पाणी प्याली आणि माझ्याजवळ बसली. "त्यांचंबी चुकलं न्हाई. न विचारता अदलाबदल केली ती मीच. पण विचारायला गेले असते तर नाव सांगावं लागलं असतं. तू कुणाला सांगू नकोस. एवढं दे मला."

आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी ती दिली, पण नाइलाजानं, आणि नाइलाजानं दिलेलं तिच्या हिशेबी देणं नव्हतंच. पप्पांना मात्र मी एकदा विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते रंधा मारत होते. म्हणाले, "ती चोरी करणार न्हाई एवढं माहीत हुतं. फुडचं मी इचारलंच न्हाई." मग रंध्याखालची सालपटं फुंकरून उडवली. मी कितीतरी दिवस त्या वाक्याकडे वळून वळून पाहत होते. एवढं सोपं मला का जमलं नाही?

हसीनाबी पुढं चार वर्षांनी वारली. तिचा दीर घर विकून गेला. कारखाना नीट चालू लागला, मी शिकले, नोकरीला लागले. आईला डबा पुन्हा कधी मिळाला नाही आणि तिनं मागितला नाही. ती आता गेली. उन्हाळ्याच्या शेवटी, स्वयंपाकघरातच, पाटावर बसल्या बसल्या. अजून तीन महिने झाले नाहीत, आणि माझं हे लिहिणं दिवसाला दहा ओळींच्या पुढं सरकत नाही.

अंत्यविधीनंतर आठवड्यानं मार्थाबाई भेटायला आल्या. आता त्यांनाही काठी लागते, पण साडीची इस्त्री तशीच. माझा हात हातात घेऊन मनापासून रडल्या. म्हणाल्या, "तेवढं एक सोडलं तर तुझ्या आईसारखी बाई आमच्या मंडळीत झाली नाही." तेवढं एक. पस्तीस वर्षांतला प्रत्येक पहिला रविवार रांगेत उभं राहून ती तेवढं एक पुसू शकली नव्हती. ज्यांना धोका होता त्यांतलं कुणी उरलं नाही, असं मनाशी म्हणत मी त्यांना सगळं सांगितलं. हसीनाबी, लाल दाणा, शीग भरलेलं मापटं, बोळ, दीर. सांगताना माझा आवाज वर चढत गेला ते मला कळत होतं.

मार्थाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला. "मग तेव्हा का नाही बोललीस तू?"

"आईनं नको म्हटलं होतं."

"आणि आता ती नाही, ती बाई नाही, तुझे पप्पाही नाहीत." त्या माझ्याकडे मायेनं, अगदी मायेनं पाहत होत्या, चिंचेखाली पाहिलं होतं तसंच. "असेल बाळ. असेलही. आई गेल्यावर लेकीला असं वाटतंच."

माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं. त्यांना मणेरांच्या गल्लीत नेऊन ती खोली दाखवावी, मामाला फोन लावून द्यावा. पण माझ्या एका शब्दावर त्यांनी एकदा लगेच विश्वास ठेवला होता आणि आज शंभर शब्दांवर ठेवत नव्हत्या, याची तक्रार मी कुणाकडे करणार? आईनं मागितलेलं मी इतकी वर्षं जपलं, आणि आज दहा मिनिटांत खर्च करून टाकलं. हातात काही आलं नाही.

"चहा टाकते," मी म्हणाले. त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, फुंकून. निघताना त्यांना वाकता येईना. दारातल्या त्यांच्या चपला उलट्या झाल्या होत्या. मी बसले, त्या सरळ केल्या, आणि एकेक पाय धरून त्यांच्या पायात घातल्या.